ट्विन एसयू लावलेली अँबॅसिडर: स्पेसर टाकूनही गरम गाडी पुन्हा पुन्हा अडते तेव्हा

रत्नागिरीहून कोल्हापूरला येताना साखरपा सोडलं की आंबा घाट लागतो. मे महिन्यातली दुपार, गाडीत चार माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या. घाटभर गाडी एकदाही कुरकुरली नाही. वर आंबा गावात चहाला थांबलो आणि पंधरा मिनिटांनी सेल्फ मारला, तर इंजिन नुसतंच फिरत राहिलं. पेट्रोलचा भपकारा येत होता. बॉनेट उघडं टाकून अर्धा तास उभे राहिलो, मग काळा धूर सोडत गाडी चालू झाली.

हे एकदाच झालं असतं तर लिहायला बसलो नसतो. दोन उन्हाळ्यांत मी स्पेसर, म्हणजे कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटरमधलं मिश्रण इंजिनात नेणारा नळ) यांच्यामध्ये बसणारे जाड ठोकळे, तीन वेळा बनवून घेतले. दरवेळी काहीतरी सुधारलं आणि दरवेळी गरम गाडी पुन्हा अडायला लागली. परत आलेला त्रास म्हणजे तो पहिलाच त्रास, असं मी धरून चाललो आणि त्यात सगळ्यात जास्त वेळ गेला. पहिल्यांदा अडवत होती ती उष्णता. नंतर अडवत होती ती स्पेसरच्या सांध्यातून आत शिरणारी हवा. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून ते वेगळं कसं करायचं इथपासून लिहितो.

गाडी मार्क-३ आहे आणि इंजिन मूळचंच, १४८९ सीसी. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं हे बी-सिरीज इंजिन हिंदुस्तान मोटर्सने उत्तरपाड्याला वर्षानुवर्षं बनवलं. इंग्लंडमध्ये १९५५ साली आलेल्या एमजीए या स्पोर्ट्स कारला याच १४८९ सीसीवर एसयू या ब्रिटिश कंपनीच्या दीड इंची कार्ब्युरेटरची जोडी, म्हणजे ट्विन एसयू, होती. तेव्हा अँबॅसिडरला ट्विन एसयू लावणं म्हणजे घरातल्याच भावाचा सदरा घालण्यासारखं आहे. मी एमजीबीचा (एमजीएनंतरच्या गाडीचा) मॅनिफोल्ड आणि त्यावरची एचएस-४ या दीड इंची एसयूची जोडी वापरलेली घेतली.

ती जोडी आली तेव्हा कार्ब्युरेटर थेट अ‍ॅल्युमिनियमच्या मॅनिफोल्डवर बसलेले होते, मध्ये फक्त कागदी पॅकिंग. मला वाटलं, असंच असतं. पुढे सुट्या भागांचं चित्र नीट पाहिलं तेव्हा कळलं की एमजीबीला कारखान्यातूनच मॅनिफोल्ड आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये फिनॉलिकचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या कडक प्लास्टिकचा, ठोकळा असतो आणि त्याच्यापुढे एक मोठा पत्रा असतो. आधीच्या कुणीतरी दोन्ही काढून ठेवले होते आणि ते माझ्यापर्यंत पोचले नाहीत. सेकंडहँड जोडी घेणार असाल तर हे दोन भाग सोबत आहेत का ते आधी विचारा.

या इंजिनाला ठोकळा आणि पत्रा का लागतो? बी-सिरीजमध्ये इनलेट (मिश्रण आत जायची वाट) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर जायची वाट) एकाच बाजूला असतात, आपल्याकडे ड्रायव्हरच्या डाव्या हाताला. बिडाचा तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड खाली आणि कार्ब्युरेटर त्याच्या डोक्याशी. गाडी चालू असते तोवर फॅनची हवा, आत येणारं थंड पेट्रोल आणि त्याची होणारी वाफ यामुळे कार्ब्युरेटर गार राहतो. इंजिन बंद केलं की हे सगळं थांबतं, पण बीड मात्र तापलेलंच असतं. बंद केल्यावर दहा ते वीस मिनिटांच्या दरम्यान फ्लोट चेंबर, म्हणजे कार्ब्युरेटरची पेट्रोल साठवणारी वाटी, सगळ्यात जास्त तापतं. चहाला आपण थांबतो नेमके तेवढेच.

पेट्रोलमधले हलके घटक पस्तीस-चाळीस अंशांपासूनच उकळायला लागतात. इथेनॉल एकटं ७८ अंशांना उकळतं, पण पेट्रोलमध्ये मिसळलं की दोघांची मिळून वाफ त्याहून कमी तापमानाला सुटते. म्हणून पूर्वी ज्या गाड्या कशाबशा निभावायच्या त्या आता वीस टक्के मिश्रणावर अडतात. चेंबरमधलं पेट्रोल उकळलं की फेसाळून जेटमधून (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीतून) वर येतं, मॅनिफोल्डमध्ये सांडतं आणि गाडी फ्लड होते, म्हणजे जादा पेट्रोलने चालू होत नाही.

आधी रोग ओळखा

गरम गाडी चालू होत नाही, याची कारणं मुख्यतः तीन. स्पेसर त्यातल्या एकावर पुरतं आणि दुसऱ्यावर थोडं काम करतो. तिसऱ्याशी त्याचा संबंधच नाही.

पेट्रोलचा वास येतोय, प्लग काढले तर ओले किंवा काळे आहेत, आणि अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरून सेल्फ मारला की काळा धूर सोडत चालू होते: हे फ्लडिंग, म्हणजे उकळलेलं पेट्रोल आत सांडलेलं आहे. स्पेसर आणि पत्र्याचं काम हेच.

वास नाही, प्लग कोरडे, आणि फ्लोट चेंबरचं झाकण काढून पाहिलं तर आत पेट्रोल तळाला गेलेलं किंवा गायब: हा व्हेपर लॉक. पंपात किंवा पाइपात वाफ भरली आहे. घाटात जुने टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं टाकायचे, ते यासाठी. फडकं टाकून पाच मिनिटांत फरक पडला तर कार्ब्युरेटरला हात लावू नका, पंप आणि पाइप बघा.

वास थोडा, प्लगवर पेट्रोल आहे पण ठिणगी पिवळट किंवा नाहीच: कॉइल किंवा कंडेन्सर तापून मरतोय. हे तपासायला दोन मिनिटं लागतात, म्हणून सर्वांत आधी हेच करा. मात्र ठिणगी बघताना प्लगची वायर कार्ब्युरेटरपासून लांब धरा. पेट्रोलचा वास असलेल्या बॉनेटखाली आपण ठिणगी पाडतोय हे डोक्यात ठेवा आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी असू द्या.

माझं पहिलं निदान बरोबर होतं: फ्लडिंग. चहाच्या थांब्यानंतर फ्लोट चेंबरला बोट लावलं तर क्षणभरही टिकत नव्हतं. साठ अंशांच्या वरच्या धातूवर बोट टिकत नाही. घाटातल्या गाडीला थर्मामीटर लावणं शक्य नसतं तेव्हा ही बोटाची चाचणी पुरते.

तीन स्पेसर, तीन धातू-अधातू

पहिला स्पेसर अ‍ॅल्युमिनियमचा, दहा मिलिमीटर जाडीचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्यांच्याकडे लेथचं काम करून घेतो त्या मामांकडे तुकडा पडलेला होता, म्हणून. कार्ब्युरेटर मॅनिफोल्डपासून लांब गेला म्हणजे गार राहील, असा माझा विचार. पण अ‍ॅल्युमिनियम हा उष्णतेचा राजरस्ता आहे. शुद्ध अ‍ॅल्युमिनियममधून उष्णता ज्या वेगाने जाते त्याच्या जवळपास हजारावा हिस्साच फिनॉलिकमधून जाते. भट्टीत गाळलेली अ‍ॅल्युमिनियमची मिश्रणं थोडी मंद, तरीही फरक शेकड्यांच्या पटीत राहतो. दहा मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमने फक्त एवढंच झालं की फ्लड व्हायला चार-पाच मिनिटं उशीर लागला. बाजारात रंगीत अ‍ॅनोडाइज केलेले सुंदर अ‍ॅल्युमिनियम स्पेसर मिळतात. उष्णतेसाठी घेत असाल तर घेऊ नका.

आणि स्पेसरने पिकअप वाढतो हेही बऱ्याच ठिकाणी ऐकायला मिळतं. बी-सिरीजमध्ये एक आणि दोन नंबर सिलिंडर एका इनलेट पोर्टवर, तीन आणि चार दुसऱ्यावर. अशा वाटून घेतलेल्या पोर्टवर दहा-बारा मिलिमीटर लांबी वाढवून ताकद वाढेल असं मला तरी कधी जाणवलं नाही. स्पेसर टाकायचा तो कार्ब्युरेटर गार ठेवायला.

दुसरा पांढऱ्या नायलॉनचा. उष्णता अडवण्यात तो चांगला. महिनाभर गाडी अगदी गुणी होती. मग स्लो (उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग) वर-खाली व्हायला लागला, नट हाताने हलत होते. नायलॉन पन्नास-साठ अंशांच्या पुढे मऊ पडतं आणि नटच्या दाबाखाली हळूहळू पसरतं. त्यात ते पाणी शोषून फुगतं. मी नट आवळले, त्याने आणखी जागा सोडली, मी पुन्हा आवळले. या आवळण्यातून पुढे जे झालं ते खाली येतंच आहे. टेफ्लॉनही असंच दाबाखाली सरकतं, त्याचाही मोह नको. थ्रीडी प्रिंटरवर पीएलए हे प्लास्टिक वापरून बनवलेला स्पेसर तर साठ अंशांच्या आसपासच मऊ होतो.

तिसरा हायलमचा, आणि तोच आजही गाडीवर आहे. इलेक्ट्रिक पॅनलच्या दुकानात जी तपकिरी-काळी फिनॉलिक शीट मिळते ती. तिच्यात दोन जाती: कागदाचे थर असलेली आणि कापडाचे थर असलेली. आपल्याला कापडाची हवी. कडेला नीट पाहिलं की विणीचे धागे दिसतात. कापडाची जात साधारण १२० अंशांपर्यंत आकार धरून राहते, पेट्रोलने बिघडत नाही आणि नटखाली चुरडत नाही. मी १२ मिलिमीटर जाडी घेतली. त्याआधी डाव्या मडगार्डपर्यंत एअर फिल्टरला किती जागा उरते ते पुठ्ठ्याचे तुकडे लावून मोजून घेतलं. तुम्हीही पुठ्ठ्याने मोजा, पट्टीने मोजलेलं फसवतं.

बनवताना

मामांनी शीट हातात घेतली, नखाने कड खरवडली आणि म्हणाले, "सर, हे नायलॉनगत न्हाई. ह्याला थर हाईत. मागं लाकूड लावल्याबिगर ड्रिल घातलासा तर भोक बाहेर पडताना पापुद्रं उडत्यात." तसंच आहे. दोन्ही स्पेसर एकावर एक ठेवून, मागे लाकडाची फळी लावून, शिकंजात घट्ट धरले. आधी स्टडची, म्हणजे कार्ब्युरेटर धरून ठेवणाऱ्या आटेवाल्या दांड्यांची, भोकं पाडली. समोरासमोरच्या दोन भोकांत पिना बसवल्या आणि ती जोडी तशीच लेथच्या फोर-जॉ चकमध्ये धरून मधला बोअर, म्हणजे मिश्रण जायचं मोठं भोक, काढला. दोन्ही एकाच वेळी कापले म्हणून दोन्ही तंतोतंत सारखे आले. ट्विन कार्ब्युरेटरमध्ये याला फार महत्त्व आहे, कारण दोघांचे थ्रॉटल एका दांडीने जोडलेले असतात. एक स्पेसर अर्धा मिलिमीटर जाड निघाला तर ती दांडी तिरकी होते आणि थ्रॉटल अडखळतो. जाडीत सगळीकडे फरक पाच शतांश मिलिमीटरच्या आत ठेवा. मायक्रोमीटर चारही कोपऱ्यांवर लावून बघा.

बोअर एचएस-४ च्या ३८.१ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. किंचित मोठा चालतो. आतल्या बाजूला कड पुढे आली तर पेट्रोलचे थेंब तिथे साचतात. स्टड अडीच सुती, म्हणजे ५/१६ इंच किंवा ७.९४ मिलिमीटर, त्यासाठी भोक ८.३ ठेवलं. स्टडवर स्पेसर स्वतःच्या वजनाने सरकून बसला पाहिजे, ठोकावा लागता कामा नये.

हायलमची धूळ बारीक असते आणि घशात बसते. मास्क लावा, आणि शक्य असेल तर कापताना व्हॅक्यूमची नळी जवळ धरा. मामांनी रुमाल बांधला होता, तो पुरेसा नाही असं मला वाटलं आणि पुढच्या वेळी मी मास्कचं पाकीट घेऊन गेलो.

स्टडची लांबी ही सहज विसरली जाणारी गोष्ट. १२ मिलिमीटर स्पेसर, एक मिलिमीटर पत्रा आणि वाढलेली पॅकिंग मिळून जुना स्टड जवळपास १५ मिलिमीटरने कमी पडतो. मॅनिफोल्डच्या टोकाला जाड आटे आणि नटच्या टोकाला बारीक आटे, असे लांब स्टड करून घ्यावे लागतात. अ‍ॅल्युमिनियममध्ये कमीत कमी १२ मिलिमीटर आटे गेले पाहिजेत. तळाला टेकेपर्यंत मात्र फिरवू नका, टेकला की मॅनिफोल्डचे आटे उपटतात. चारही स्टड लोखंडाचेच, त्यामुळे उष्णतेचा एक छोटा पूल उरतोच. पण चौघांचा मिळून छेद जेमतेम दोन चौरस सेंटिमीटर, तेवढं चालून जातं.

रचना अशी: मॅनिफोल्ड, पॅकिंग, स्पेसर, पॅकिंग, पत्रा, पॅकिंग, कार्ब्युरेटर. एका कार्ब्युरेटरला सहा फेस, दोघांचे मिळून बारा. मूळ जोडणीत प्रत्येकी दोनच होते. म्हणजे स्पेसर टाकताना आपण हवा आत शिरायच्या जागा चाराच्या बारा करतो. हे गणित मी फार उशिरा केलं.

तीन आठवड्यांनी तोच त्रास, पण तो नव्हे

हायलमचे स्पेसर बसवताना प्रत्येक पॅकिंगला दोन्ही बाजूंनी शेलॅक लावला. जुन्या मेकॅनिकांची पद्धत आहे, माझ्या वडिलांनीही तेच केलं असतं. गाडी सुरेख झाली. गगनबावड्याला जाऊन आलो, वर थांबून पुन्हा चालू केली, पहिल्या फेऱ्यात चालू. फ्लोट चेंबरवर बोट निवांत टिकत होतं.

तीन आठवड्यांनी गरम गाडीचा स्लो ९०० वरून १३०० वर जायचा, मग खाली येऊन बंद पडायची. पुन्हा चालू करायला सेल्फ तीनदा मारावा लागायचा. मला वाटलं, झालं, हायलमही गेलं. पत्रा आणखी मोठा करायचा बेत चालू होता. मग एका संध्याकाळी चारही प्लग काढून ओळीने कठड्यावर ठेवले आणि तिथेच उत्तर दिसलं. तीन आणि चार नंबर छान तपकिरी. एक आणि दोन पांढरे फटक.

उष्णता चारही सिलिंडरना सारखाच त्रास देते. जोडीने पांढरे पडलेले प्लग म्हणजे त्या जोडीच्या कार्ब्युरेटरमधून नको ती हवा जातेय. या इंजिनात एक-दोन पुढच्या कार्ब्युरेटरवर आणि तीन-चार मागच्या, म्हणून ही खूण इतकी स्वच्छ मिळते. तुमची गाडी परत अडायला लागली तर सगळ्यात आधी प्लग ओळीने मांडा.

पुढची खात्री रबरी नळीने केली. पेट्रोलच्या नळीचा हातभर तुकडा, एक टोक कानाला, दुसरं टोक फ्लँजच्या (कार्ब्युरेटरच्या सपाट जोडतोंडाच्या) कडेने हळूहळू फिरवायचं. पुढच्या कार्ब्युरेटरच्या खालच्या बाजूला, पत्रा आणि कार्ब्युरेटर यांच्यामधल्या फटीशी, स्पष्ट फुसफुस ऐकू आली. फॅन आणि पट्ट्यापासून नळी लांब ठेवा. बरेच जण कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा मारून गळती शोधतात. एक्झॉस्टच्या डोक्यावर तो फवारा मारायला मी कुणालाच सांगणार नाही.

सकाळी थंड गाडीत ही गळती का कळत नव्हती? चोक ओढलेला असतो, मिश्रण गडद असतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त असतं, शिरलेली हवा त्यात झाकली जाते. चोक आत गेला, गाडी तापली की उघडी पडते. म्हणूनच ती उष्णतेच्या त्रासासारखी वाटते. व्हॅक्यूम गेज असेल तर तेही लावा. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन स्लोवर पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखवतं आणि दर हजार फुटांना एखादा इंच कमी होतो. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास, म्हणजे इथे दीड-दोन इंच कमी धरायचे. माझा काटा बारावर थरथरत होता.

कार्ब्युरेटर उतरवला. पॅकिंग ओढली तर शेलॅकची काकवीसारखी तार निघाली, पिवळी, चिकट, बोटाला लागून लांबत जाणारी. तीन आठवड्यांपूर्वी लावलेला शेलॅक वाळून कडक व्हायला हवा होता. थोडा वेळ ती तार बघत बसलो आणि मग लक्षात आलं: शेलॅक म्हणजे चपडा लाख. सुतार फ्रेंच पॉलिश करतात तेव्हा चपडा कशात विरघळवतात? स्पिरिटमध्ये. आणि पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत तेच आहे, इथेनॉल, आमच्याच उसापासून निघणारं. ज्या काळात शेलॅक लावायची पद्धत पडली त्या काळात आपल्या पेट्रोलमध्ये अल्कोहोल नव्हतं. त्यामुळे इनलेटच्या सांध्याला आता शेलॅक नको. लाल-काळं सिलिकॉनही नको, ते पेट्रोलने फुगतं आणि त्याचे तुकडे सुटून इंजिनात जातात.

पण चांगल्या सपाट फेसवर शेलॅक मऊ पडला तरी पॅकिंगने धरायला हवं होतं. म्हणून लोखंडी पट्टी कार्ब्युरेटरच्या फ्लँजवर आडवी धरली आणि खालून फिलर गेज (फट मोजायची पातळ पानं) घातला. ०.१५ मिलिमीटरचं पान मधून आरपार गेलं. कोपरे पुढे आलेले, मध्ये खोलगट. नायलॉनच्या वेळी मी जे पुन्हा पुन्हा आवळत होतो, त्यात मऊ स्पेसरवर कान खाली ओढले जाऊन फ्लँज वाकला होता. मागचा कार्ब्युरेटर ०.०५ वर, म्हणजे चालण्यासारखा. इतके दिवस ती खोलगट जागा शेलॅक भरून काढत होता, आणि शेलॅक विरघळला की हवा शिरत होती.

फ्लँज सपाट करणं

जाड काचेचा तुकडा घ्या, दहा मिलिमीटरचा. काचेच्या दुकानात कापून उरलेले मिळतात. टेबलावर सपाट ठेवा, त्यावर रॉकेलने ओला केलेला २२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा. कार्ब्युरेटरचा वरचा डोम, पिस्टन, सुई, थ्रॉटलची चकती आणि दांडी सगळं काढून ठेवा. डोम आणि पिस्टन ज्याचा त्याच्याशीच ठेवायचा, दोन कार्ब्युरेटरची अदलाबदल करायची नाही. फ्लँजवर मार्करने जाळी काढा. आठाच्या आकड्यात, हाताच्या वजनाइतकाच दाब देऊन घासा. आधी कोपऱ्यांवरची शाई जाते, मध्ये राहते. मधली शाईही पुसली गेली की ४०० नंबरवर दहा-बारा फेरे. मला एका फ्लँजला पाऊण तास लागला. कानस लावायचा मोह होतो, लावू नका. कानशीने आणखी एक उतार तयार होतो. घासून झाल्यावर पेट्रोलने तीनदा धुवा, एकही कण भोकात राहता कामा नये.

दांडी बाहेर आहेच तर तिची झीजही बघून घ्या. थ्रॉटलची दांडी बॉडीत खडखडत असेल तर तिथूनही हवा शिरते आणि पॅकिंग कितीही बदलल्या तरी त्रास जात नाही.

स्पेसरचे फेसही त्याच काचेवर तपासले, ते जसेच्या तसे सपाट होते. पॅकिंग अर्ध्या मिलिमीटरच्या कागदाची, दोन्ही बाजूंनी कोरडी, फक्त बोटाने पुसलेल्या ग्रीसचा हलका हात. नट छोट्या पान्ह्याने, समोरासमोरचे आळीपाळीने, तीन टप्प्यांत आवळले. मनगटाची ताकद पुरते, खांद्याची लागत नाही. पहिल्यांदा गाडी पूर्ण तापवून पूर्ण गार होऊ द्यायची आणि मग पुन्हा एक हात आवळायचं, कारण पॅकिंग पहिल्या तापण्यात दबते. दोनेकशे किलोमीटरनंतर आणखी एकदा. त्यानंतर पान्हा पेटीत.

केबल आणि चोक

स्पेसर टाकल्यावर कार्ब्युरेटर दीड सेंटिमीटर बाहेर आला. अ‍ॅक्सिलरेटरची केबल तेवढीच ताणली गेली असेल तर थ्रॉटल पूर्ण मिटत नाही, स्लो वर राहतो आणि माणूस हवेची गळती शोधत बसतो. चोकची वायर ताणली गेली तर जेट पुरता वर येत नाही, मिश्रण कायम गडद राहतं, प्लग काळे पडतात आणि पुन्हा वाटतं की पेट्रोल उकळतंय. दोन्ही केबल सोडून, थ्रॉटल आणि जेट आपोआप मिटतात का ते डोळ्याने बघा, मगच केबल लावा. हे पाच मिनिटांचं काम मी शेवटी केलं, सुरुवातीला करायला हवं होतं.

मग ट्यूनिंग. पिस्टन उचलायच्या पिनेने साधारण एक मिलिमीटर उचला. आरपीएम क्षणभर किंचित वाढून स्थिर झाला तर मिश्रण बरोबर. वाढलेलाच राहिला तर गडद. इंजिन मरायला लागलं तर पातळ. हवेची गळती असताना ही चाचणी करून जेट फिरवत बसू नका. मी तसं करून महिनाभर चुकीच्या जेटवर गाडी चालवली.

पत्र्याबद्दल थोडक्यात: एक मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियम पत्रा, दोन्ही फ्लोट चेंबरच्या खालपर्यंत येईल इतका मोठा, एक्झॉस्टपासून निदान बोटभर अंतर ठेवून. स्पेसर धातूतून येणारी उष्णता अडवतो, पत्रा एक्झॉस्टची थेट धग अडवतो, दोन्ही हवेत. कुठे जुना मूळचा पत्रा मिळाला आणि त्यावर करडं कापडासारखं अस्तर असेल तर ते कोरडं खरवडू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं.

माझ्या गाडीत एक गोष्ट अजून उरली आहे. इंजिनवरचा मेकॅनिकल पंप गाडी बंद झाल्यावरही पाइपात दाब धरून ठेवतो. पाइपातलं पेट्रोल तापून फुगतं आणि फ्लोटच्या सुईला ढकलून आत शिरतं. त्यासाठी टाकीकडे परत जाणारी बारीक लाइन टाकायची आहे, ते काम पावसाळ्याआधी करणार आहे.

तुमच्याकडे एमजीएसारखे एच-४ कार्ब्युरेटर असतील तर फ्लँजला चारऐवजी दोनच स्टड असतात. दोन स्टडच्या मधला भाग आणखी सहज वाकतो. तेव्हा हायलम विकत घ्यायच्या आधी पट्टी आणि फिलर गेज घेऊन फ्लँज तपासा, आणि तो काचेवर सपाट करून झाला की मगच जाडी ठरवून शीट कापायला द्या.